सल्ला: "मॅडम, काहीतरी एक सांगा ना"

पत्र (थोडं छोटं केलंय, कंसातला मजकूर माझा):

"मॅडम, मी पॅथॉलॉजीत एमडी, वय ३४, तालुक्याच्या गावी स्वतःची छोटी लॅब आहे. रक्त-लघवी, एफएनएसी (सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणं) आणि आसपासच्या सर्जनांच्या बायोप्सी. स्किन महिन्याला आठ-दहा येतात, त्यात काळे डाग, तीळ वगैरे वर्षातून पाच-सहा. दोन महिन्यांपूर्वी ४६ वर्षांच्या एका बाईंच्या टाचेवरच्या काळ्या डागाचा ३ मिमीचा पंच (त्वचेचा छोटा गोल तुकडा) आला. डाग ९ मिमीचा, फॉर्मवर फक्त 'ब्लॅक स्पॉट हील' एवढंच. तीन दिवस स्लाइड बघत बसले, स्वयंपाक करतानाही तीच दिसायची. शेवटी लिहिलं, 'एटिपिकल मेलॅनोसायटिक प्रोलिफरेशन (रंगपेशींची शंकास्पद वाढ), पूर्ण डाग काढून परत तपासावा'. सर्जन सरांचा फोन आला, 'मॅडम, कॅन्सर आहे की नाही, काहीतरी एक सांगा ना'. नातेवाइकांनी स्लाइड शहरातल्या मोठ्या लॅबला नेली, तिथून एका ओळीत आलं, 'जंक्शनल नीव्हस, बिनाइन' (म्हणजे साधा तीळ, कॅन्सर नाही). आता गावात बोलणं सुरू झालंय की मॅडमना कळत नाही. माझ्या बॅचचा मित्र म्हणतो तो असल्या स्लाइड पाच मिनिटात साइन करतो. मला हा कॉन्फिडन्स कधी येणार? की स्किन घेणंच बंद करू? — टाचेवर अडकलेली"

अगं टाचेवर अडकलेली,

तू म्हणते, रागवू नकोस, माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी अडकले. सर्जन काय म्हणाले ते लिहिलंस, मित्र काय म्हणाला ते लिहिलंस, गावात काय चाललंय तेही लिहिलंस, पण त्या बाईंच्या टाचेवरचा डाग काढला का नाही हे कुठेच नाही. म्हणजे बहुतेक काढला नसणार, 'बिनाइन' म्हटल्यावर कोण काढतंय. तर आधी ते. कॉन्फिडन्सचं नंतर बघू, तो कुठे पळून जात नाही, डाग मात्र वाढू शकतो.

आता बघ, तू ३ मिमी बघितलं, शहरातल्या लॅबने पण तेच ३ मिमी बघितलं. ९ मिमीच्या डागाचा उरलेला भाग अजून कोणीच बघितलेला नाही, ना तू ना त्यांनी. मग तू बरोबर का ते बरोबर हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे, कारण दोघांनी दाराच्या फटीतून खोली बघितली आणि एकाने सांगितलं खोली रिकामी आहे. तू म्हणालीस दार उघडा. मी तुझी स्लाइड बघितलेली नाही त्यामुळे तो मेलॅनोमा आहे का नाही ते मी सांगणार नाही, पण रिपोर्टमधलं तुझं शेवटचं वाक्य, पूर्ण डाग काढून परत तपासावा, हे त्या परिस्थितीत लिहिता येण्यासारखं सगळ्यात उपयोगी वाक्य होतं. फक्त ते कोणी ऐकलं नाही आणि तूही परत म्हटलं नाहीस. आज सर्जनना फोन कर. नंतर नाही, हे वाचून झालं की लगेच.

बाकी वाचकांसाठी दोन ओळी, कारण मागच्या वेळी बऱ्याच जणांनी कळवलं की डॉक्टरी पत्रं डोक्यावरून जातात. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी म्हणजे मेलॅनोसाइट, त्यांचा साधा निरुपद्रवी पुंजका म्हणजे आपला तीळ, डॉक्टर त्याला नीव्हस म्हणतात, आणि त्याच पेशींचा कॅन्सर म्हणजे मेलॅनोमा. आपल्याकडे गोऱ्या लोकांपेक्षा तो खूप कमी होतो पण झाला तर बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली, जिथे कोणाचं लक्ष जात नाही. बॉब मार्लेचा पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीच होता, १९८१ साली ३६व्या वर्षी गेला तो. आपल्याकडे तर टाचेवर काही काळं दिसलं की कुरूप म्हणून ब्लेडने खरवडतात नाहीतर मेडिकलमधून पट्टी आणून लावतात.

आता तुझा खरा प्रश्न, की सगळ्यांना येतं आणि मलाच येत नाही.

२०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, जोआन एलमोर आणि त्यांच्या टीमचा. तू वाचला नसशील तर वाच, वाचला असशील तर परत वाच. अमेरिकेतल्या १० राज्यांतले १८७ पॅथॉलॉजिस्ट, सगळे रोजच्या कामात असल्या स्लाइड बघणारे, आणि २४० केसेस. प्रत्येकाला ४८ केसेस दिल्या, खऱ्या काचेच्या स्लाइड. उत्तरं जुळवली ती तीन मुरलेल्या डर्मॅटोपॅथॉलॉजिस्टच्या, म्हणजे त्वचेच्या स्लाइडच्या तज्ज्ञांच्या, एकमताशी. पाच पायऱ्या केल्या होत्या, पहिल्या पायरीवर साधा तीळ, पाचव्यावर खोल गेलेला मेलॅनोमा, आणि मध्ये तो सगळा चिखल जिथे तू रुतलीस. साध्या तिळाला ९२ टक्के उत्तरं जुळली. खोल मेलॅनोमाला ७२ टक्के. आणि दुसऱ्या पायरीला, म्हणजे थोडा बिघडलेला तीळ, फक्त २५ टक्के! तिसरीला ४० आणि चौथीला ४३. म्हणजे मधल्या केसेसमध्ये निम्मी उत्तरं पण जुळली नाहीत.

बरं हे झालं त्या तिघांशी. त्यांनी अजून एक खोडी केली, निदान आठ महिने जाऊ दिले आणि त्यातल्या बऱ्याच जणांना त्याच स्लाइड परत दिल्या, सांगितलं नाही त्याच आहेत म्हणून. दुसऱ्या पायरीवर माणसाचं स्वतःच्याच जुन्या उत्तराशी जुळण्याचं प्रमाण ३५ टक्के. स्वतःच्या! खोल मेलॅनोमात ते ८३ पर्यंत गेलं, म्हणजे जिथे रोग ठळक तिथे माणूस पण ठाम. हे वाचलं तेव्हा मी रिटायर व्हायच्या बेतात होते आणि खरं सांगते, दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही, मी आयुष्यात किती रिपोर्ट साइन केले ते मोजत बसले.

पण यातून लगेच 'पॅथॉलॉजिस्टना काही कळत नाही' असं कोणी काढू नका. या २४० केसेसमध्ये अवघड केसेस मुद्दाम जास्त घातल्या होत्या, रोजच्या कामात साधे तीळच भरपूर असतात. त्याच लेखात त्यांनी तो हिशोबही केला होता, की अमेरिकेत रोज जशा केसेस येतात त्या प्रमाणात धरलं तर जवळपास ८३ टक्के निदानं त्या तिघांच्या पॅनेलशी जुळतील. उरलेल्यात साधारण निम्मी गरजेपेक्षा जास्त गंभीर ठरवलेली आणि निम्मी कमी. आणि 'बरोबर' म्हणजे तरी काय, तर त्या तिघांचं एकमत, तेही चर्चा करून आलेलं. त्यांच्यावर वरून कोणी निकाल द्यायला बसलेलं नव्हतं.

याच मंडळींनी पुढे बघितलं की कोणाची उत्तरं जास्त जुळतात, तर ज्यांनी डर्मॅटोपॅथॉलॉजीचं वेगळं ट्रेनिंग घेतलंय आणि जे असल्या केसेस भरपूर बघतात त्यांची. यात आश्चर्य काहीच नाही, पोळी गोल यायला पण शंभर पोळ्या लागतात. तू वर्षाला पाच-सहा बघतेस. म्हणजे तू वाईट नाहीयेस, तुझ्या हाताखालून केसेस गेल्या नाहीत एवढंच, आणि हे तू मान्य केलंस तर अर्धं ओझं उतरेल.

आता तुझा मित्र. पाच मिनिटात साइन करतो म्हणे. करत असेल, बहुतेक वेळा बरोबरही असेल कारण बहुतेक केसेस सोप्या असतात. पण त्याला एक विचार, तू साइन केलेल्यांपैकी किती पेशंट तुला पुढे परत दिसले? आपल्या धंद्यातली मोठी गोची हीच आहे बघ, सर्जनची चूक टाक्यातून बाहेर येते, आपली चूक पाच वर्षांनी दुसऱ्याच गावात दुसऱ्याच डॉक्टरकडे उगवते आणि आपल्याला कळवायला कोणी येत नाही. मग कॉन्फिडन्स वाढणारच, अडवायला कोण आहे.

मला कळलं एकदा, म्हणून सांगते. १९९० नंतरची गोष्ट, मी तेव्हा तुझ्यापेक्षा थोडी मोठी असेन, एका शिक्षिकेच्या पाठीवरचा तीळ होता. दुपारी जेवायच्या आधी ट्रे संपवायचा म्हणून दहा मिनिटात लिहिला, 'कंपाउंड नीव्हस', म्हणजे साधा तीळ. मनात शंकेची पाल सुद्धा चुकचुकली नाही. तीन वर्षांनी काखेत गाठ घेऊन त्या परत आल्या, गाठीत मेलॅनोमा, आणि जुनी स्लाइड शोधून काढली तर सगळं तिथेच होतं, खालपर्यंत गेलेल्या पेशी, त्यांचं मायटोसिस म्हणजे विभाजन, सगळं. मी ज्या दिवशी सगळ्यात जास्त कॉन्फिडंट होते त्या दिवसाचा तो रिपोर्ट आहे.

नंतर काय झालं माहितीये? दुधाने तोंड भाजलं की ताक पण फुंकून पितात तसं माझं झालं. पुढची दोन-तीन वर्षं मला प्रत्येक तिळात मेलॅनोमा दिसायचा. एका आठ वर्षांच्या मुलीच्या गालावरचा गुलाबी फोड मी मेलॅनोमा म्हणून लिहिणारच होते, आमच्या सरांनी हात धरला, अगं वय बघ, स्पिट्झ आहे हा. सोफी स्पिट्झ बाईंनी न्यूयॉर्कमध्ये १९४८ साली लहान मुलांचे असे १३ मेलॅनोमा लिहिले, आणि गंमत अशी की त्यातलं एकच मूल दगावलं. दिसायला कॅन्सर, वागायला तीळ. आज ७५ वर्षं उलटली तरी स्पिट्झवरून मोठमोठे लोक भांडतात. मग तू तीन दिवस बसलीस तर काय झालं?

बाहेर लोकांना वाटतं जास्त गंभीर लिहिलं तर निदान सेफ तरी आहे. सेफ कोणासाठी? आपल्यासाठी. त्या मुलीच्या गालावर सेंटीमीटरभर मोकळी जागा ठेवून कापाकापी झाली असती आणि घरच्यांनी जन्मभर कॅन्सरची भीती बाळगली असती.

बरं आता टाचेकडे येते. टाच म्हणजे फसवी जागा. तळपायाच्या साध्या तिळात सुद्धा पेशी एपिडर्मिसमध्ये, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरात, वर चढलेल्या दिसतात, पाठीवर असं दिसलं तर आपण दचकतो पण तळव्यावर ते चालतं, जर तीळ आटोपशीर असेल, दोन्ही बाजूंनी सारखा असेल, आणि रंग वरच्या कडक थरात खाचांच्या खाली खांबासारखा उभा असेल. आता हे 'दोन्ही बाजूंनी सारखा' ३ मिमीच्या पंचमध्ये कसं बघणार? कडाच नाहीत! शहरातल्या लॅबने कडा कुठून बघितल्या ते मला कळलेलं नाही. दुसरं म्हणजे ग्रॉसिंग, म्हणजे आलेला नमुना तपासून कापणं, ते करताना तळव्याच्या रेषांना आडवा छेद घ्यायचा, रेषांच्या बाजूने कापलं तर साधा तीळ पण एकसलग पसरलेला वाटतो आणि आपण घाबरतो. पूर्ण डाग आला की हे टेक्निशियनवर सोडू नकोस, स्वतः उभी राहा. आणि सर्जनना आधीच सांग फॉर्मलिनमध्ये पाठवा, सलाइनच्या बाटलीत नको. हसू नकोस, मी असे कितीतरी नमुने पाहिलेत.

फॉर्मवर 'ब्लॅक स्पॉट हील' एवढंच होतं म्हणालीस. इथे तुझी थोडी चूक आहे. फोन करून विचारायचं होतं, डाग किती वर्षांचा, वाढतोय का, आधी कोणी काही केलंय का. कारण तीळ पार्लरमध्ये जाळलेला असला किंवा घरी चुना-सोडा लावून काढायचा प्रयत्न झाला असला आणि तो परत उगवला, तर तो सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब मेलॅनोमासारखा दिसतो. ॲकरमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७५ साली त्याला स्यूडोमेलॅनोमा असं नावच दिलं होतं. टाचेवर तर ब्लेड फिरलं असण्याची शक्यता जास्तच. फोनवरच्या दोन मिनिटांनी तुझे तीन दिवस वाचले असते कदाचित.

आयएचसी, म्हणजे पेशींतली ठराविक प्रथिनं रंगवून दाखवणारी तपासणी, त्याबद्दल तू काही विचारलं नाहीस पण मित्र सांगेलच, प्रेम कर, पी१६ कर, एचएमबी-४५ कर. (प्रेम म्हणजे पीआरएएमई नावाचा स्टेन, बाकी वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये.) करायचं, पण मदत म्हणून. स्टेन निकाल देत नाही, साक्ष देतो. आणि डागात रंग खूप असेल तर लॅबला लाल क्रोमोजेन (स्टेन दिसायला लागणारा रंग) वापरायला सांग, नेहमीचा तपकिरी वापरला तर मेलॅनिन (त्वचेचा आपला रंग) कुठलं आणि स्टेन कुठला हेच कळत नाही, मग पैसे पेशंटचे आणि डोकेदुखी तुझी.

सेकंड ओपिनियन घेताना एक गोष्ट लक्षात ठेव, ही फार कमी लोक पाळतात. २०२२ मध्ये अमेरिकेत १४९ डर्मॅटोपॅथॉलॉजिस्टवर प्रयोग झाला, त्याच स्लाइड एकदा नुसत्या दिल्या आणि नंतर आधीच्या डॉक्टरने काय लिहिलंय ते सांगून दिल्या. आधीचं निदान गंभीर असेल तर यांचं पण वर सरकलं, सौम्य असेल तर खाली. तज्ज्ञ मंडळी हं ही, शिकाऊ नव्हेत. म्हणून तू टाटा हॉस्पिटलला ब्लॉक (मेणात बसवलेला नमुना) पाठवशील किंवा तुझ्या कॉलेजच्या मॅडमना दाखवशील तेव्हा पेशंटची माहिती सगळी दे, वय, जागा, किती दिवस, पण तुझं मत आणि शहरातल्या लॅबचं मत आधी सांगू नकोस. त्यांनी लिहिलं की मग दाखव.

सर्जनशी काय बोलायचं ते सांगते, कारण त्यांचा प्रश्न रास्त आहे पण शब्द चुकलेत. त्यांना 'कॅन्सर आहे की नाही' हवंय असं ते म्हणतात, खरं त्यांना हवंय 'मी आता काय करू'. तुझ्या रिपोर्टमध्ये त्याचं उत्तर होतं पण शेवटच्या ओळीत, आणि वरती एवढं मोठं नाव बघून ते तिथेच थांबले असणार. एलमोरच्या अभ्यासातल्या त्या पाच पायऱ्या मुळात याच विचाराने बनवल्या होत्या, की नाव काहीही असो, पुढे काय करायचं, काहीच नको, थोडं काढायचं, ५ मिमी मोकळं ठेवून काढायचं, का एक सेंटीमीटर. २०२३ मध्ये त्यांनी पाचाच्या चार केल्या, वर्गवारी सोपी व्हावी म्हणून. तर तू फोनवर असं म्हण, "सर, पंचमध्ये मला शंका आहे, कॅन्सर म्हणण्याएवढा पुरावा नाही आणि नाही म्हणण्याएवढा पण नाही. बाकीचा डाग कोणी बघितलेला नाही. पूर्ण काढून द्या, कडेने दोन मिमी ठेवा, एका बाजूला टाका घालून खूण करा, मी स्वतः ग्रॉस करते आणि सेकंड ओपिनियन पण मीच घेते, पेशंटला वेगळा खर्च नाही." शेवटचं वाक्य परवडत असेल तरच म्हण. पण आवाज खाली घेऊन माफी मागितल्यासारखं म्हणू नकोस. शंका ठामपणे सांगता येते, आपल्याला ते कॉलेजात कोणी शिकवलं नाही, तिथे व्हायव्हाला 'माहीत नाही' म्हटलं की मार्क जायचे.

त्या बाईंना पण बोलाव, जमलं तर. आपण पॅथॉलॉजिस्ट पेशंटला भेटत नाही आणि मग गावात आपल्याबद्दल दुसरेच बोलतात. समोर बसवून सांग, ताई, डाग साधा असेलही, पण थोडाच तपासलाय, म्हणून पूर्ण काढू. बायकांना हे सर्जनपेक्षा लवकर कळतं असा माझा अनुभव.

स्किन घेणं बंद करू का म्हणतेस. सगळी स्किन कशाला, कुष्ठरोग, सोरायसिस, लायकेन, तुझ्या भागात ते रोजचं आहे आणि त्यात तू चांगली असणार. फक्त काळे डाग वेगळ्या ट्रेमध्ये ठेव. त्या दिवशी साइन करायचं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी परत बघायचं, आणि वर्षातल्या त्या पाच-सहाच्या पाच-सहा दुसऱ्याला दाखवायच्याच, सोप्या वाटल्या तरी. आधी स्वतःचं मत वहीत लिही, पेनाने, मग त्यांचं खाली लिही. मी ती वही त्या शिक्षिकेच्या केसनंतर सुरू केली, अजून आहे माझ्याकडे, पहिली पानं वाचवत नाहीत. कॉन्फिडन्स कधी येणार विचारलंस ना, त्या वहीत दिसेल, की कुठल्या प्रकारात तुझं जुळतं आणि कुठल्या प्रकारात नाही. माझं तळव्याचं जुळायला लागलं बऱ्याच उशिरा, स्पिट्झचं शेवटपर्यंत नाही, स्पिट्झ आला की मी फोन उचलायचे.

डाग काढला की कळव काय निघालं ते. आणि टाटाला पाठवताना सगळाच ब्लॉक देऊन बसू नकोस, आधी चार-पाच कोऱ्या स्लाइड कापून ठेव, नातेवाइकांच्या हातून पाठवत असशील तर पावतीवर सही घे. एवढासा पंच, एसटीत हरवला तर परत कुठून आणणार.